विद्यापीठाची म्हैस

विद्यापीठ हा शब्द आमच्या घरात सासऱ्यांबरोबर सोलापूरहून आला. औराद तालुक्यातल्या एका बाजारगावात आमचं कापडाचं दुकान होतं आणि दिवाळीच्या आधी सासरे मोगलाई, म्हणजे हैदराबादची रियासत, ओलांडून इंग्रजी हद्दीत खरेदीला जात. त्या खेपेला गाठोडी गाडीतून उतरायच्या आतच ते ओसरीवर टेकले, पाणी प्याले आणि म्हणाले, "पुन्याहून एक बाई यायल्यात. आपल्याकडं उतरतील. आडत्यानं सांगितलंय, न्हाई म्हनता येत न्हाई."

"कोन बाई? कामून यायल्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"बायांचं विद्यापीठ हाय म्हनं पुन्याला. त्याच्यासाठी मदत गोळा करायल्यात."

सासूबाई जरा विचारात पडल्या. "पीठ? कोन्या स्वामींचं?"

आम्ही लिंगायत. आमच्या घरात पीठ म्हणजे एक तर जोंधळ्याचं, नाही तर जगद्गुरूंचं. सासऱ्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. त्यांनाही सांगता येईना. "आडत्या लई भरभरून बोलायलता," ते म्हणाले, "माझं ध्यान खनाच्या भावाकडं होतं."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. उदगीरकडच्या माझ्या माहेरी मी मराठी चौथीपर्यंत शिकले होते. यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, शिक्षण उर्दूतून झालेलं. मराठी छापलेलं वाचता येणारी घरात मी एकटीच. मी म्हणाले, "मोठी शाळा असंल." पण तो अंदाजच होता. शाळा म्हणजे एक खोली, एक मास्तर आणि दाराशी काढलेल्या चपला एवढंच मी पाहिलेलं. त्याहून मोठी शाळा म्हणजे नेमकं काय मोठं, हे मला सुचत नव्हतं.

तुरी काढणीला आल्या तेव्हा बाई आल्या. बिदरच्या स्टेशनावरून भाड्याच्या टांग्यानं, पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि छत्री घेऊन. पांढरं पातळ, पायात चपला, कपाळ मोकळं. वय चाळिशीच्या पुढे असेल. लहानपणीच विधवा झालेल्या आणि त्याच विद्यापीठात शिकून तिथंच शिकवायला लागलेल्या, हे त्यांनी पहिल्या दिवशी आपण होऊन सांगितलं, जणू गावाचं नाव सांगावं तसं.

सासूबाईंची पंचाईत वेगळीच होती. बाई ब्राह्मणाच्या, आपल्या हातचं खाणार नाहीत, म्हणून त्यांनी नवी मडकी, कोरडा शिधा, वेगळी चूल असं सगळं मागच्या पडवीत मांडून ठेवलं होतं. बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "मला स्वयंपाक फारसा येत नाही हो. तुम्ही जेवता तेच मी जेवेन." आणि त्या खरंच आमच्या पंगतीला बसल्या. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी आणि भाकरी खाताना त्यांच्या डोळ्यांतून तिखटानं पाणी आलं, तरी त्यांनी पानात काही ठेवलं नाही. सासूबाई आत येऊन मला हळूच म्हणाल्या, "पोरी, ह्या बाईला काय म्हनायचं गं आता?" मला वाटतं त्यांना जात विचारायची नव्हती. कसं वागावं तेच त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात बाया जमल्या. निम्म्या मराठी बोलणाऱ्या, निम्म्या कानडी, बहुतेक दोन्ही. बाईंनी पदर सारखा केला आणि बोलायला सुरुवात केली. "स्त्रीच्या उन्नतीसाठी झटणाऱ्या आमच्या या विद्यापीठास आपण सर्व भगिनींनी यथाशक्ती साहाय्य करावे, अशी माझी विनंती आहे."

एक म्हातारी माझ्या कानाला लागली, "काय म्हनायल्यात?" दुसरीनं कानडीत विचारलं, "याव पीठ री?" कोणतं पीठ? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कुणी नेमलं नव्हतं, पण त्या क्षणापासून मी त्यांची दुभाषी झाले.

कानडीत मी सांगितलं, "हेण्णमक्कळ दोड्ड साली." मुलींची मोठी शाळा. मराठीतही तेच सांगितलं. मग प्रश्न सुरू झाले. मोठी म्हणजे किती? तिथं पोरी राहतात का? राहतात, बाई म्हणाल्या, वसतिगृहात. वसतिगृह म्हणजे? मी म्हणाले, घरच, पण शाळेचं. आई कोण तिथं? बाई म्हणाल्या, आई नाही, अधीक्षिका असते. हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला होता. मी सांगितलं, "आई न्हाई तिथं."

बायांचे चेहरे बदललेले मी पाहिले. बाई पुढे पदवीबद्दल बोलत होत्या, मातृभाषेतून शिकवण्याबद्दल बोलत होत्या, शिकलेली स्त्री कुटुंबाचा आधार कशी होते ते सांगत होत्या, आणि मी ते जमेल तसं इकडून तिकडे नेत होते. पण बाया माझ्या एका वाक्यापाशीच थांबल्या होत्या. परक्या गावात पोरी आहेत आणि त्यांना आई नाही.

संध्याकाळपर्यंत आमच्या ओसरीवर ढीग लागला. कुणी शेंगदाण्याची चटणी आणली, कुणी कारळाची. कुणी लोटकं भरून तूप. कुंभाराच्या घरून मडकी आली. हातमागवाल्याच्या बायकोनं दोन चोळ्या दिल्या, मापाचा प्रश्न तिला पडलाच नाही. आणि वाकळी. जुन्या लुगड्यांच्या, दाट टाक्यांच्या, कितीतरी वाकळी. "पुन्याला थंडी लई असती म्हनं," प्रत्येक जण म्हणत होती. "पोरीनं अंगावर काय घ्यावं?"

बाई ढिगाकडे पाहत उभ्या होत्या. "अगं," त्या मला म्हणाल्या, "यांना सांग, आम्हाला इमारत बांधायची आहे."

मी सांगितलं. एक जण म्हणाली, "बांधा की. पन तवर पोरी झोपतील कशात?"

त्या खाली बसल्या आणि एकेक वाकळ उलगडून हातानं चापत राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं मला कळलं नाही. त्या खुश आहेत की निराश, हेही कळलं नाही. मला वाटतं त्यांनाही कळत नसावं.

पुढचे काही दिवस आम्ही आमच्या बैलगाडीतून आसपासच्या गावांना गेलो. सासूबाईंनीच मला पाठवलं. बाई एकट्या कशा जातील, आणि गेल्या तरी त्यांचं बोलणं कुणाला कळणार? वाटेत बाई पुष्कळ बोलायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "तुला काय शिकावंसं वाटतं?"

मी म्हणाले, "आत्याबाईंना विचारून सांगते."

बाई हसल्या. मग एकदम हसायच्या थांबल्या आणि शेताकडे बघत राहिल्या. मी काही चुकीचं बोलले का, हे मला बरेच दिवस कळलं नाही. खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर मला सासूबाईंना विचारूनच मिळेल, असं मला मनापासून वाटलं होतं. शिकणं ही वाटून घ्यायची गोष्ट, एकटीला काही शिकावंसं वाटतं म्हणजे काय?

चिंताकीला एका मोठ्या शेतकऱ्याच्या खळ्यावर आम्ही थांबलो. माणूस दणकट, बोलायला रोखठोक. बाईंचं सगळं बोलणं त्यानं उभ्यानं ऐकलं. मग मला विचारलं, "पोरी दूध पितेत का तिथं?"

बाई म्हणाल्या, "दूध विकत घ्यावं लागतं. फार महाग पडतं. रोज नाही मिळत सगळ्यांना."

मी तसंच सांगितलं. तो गोठ्यात गेला आणि एक म्हैस सोडून घेऊन आला. नुकतीच व्यालेली, पाठीमागे रेडकू. त्यानं तिचं दावं आमच्या गाडीच्या मागच्या दांडीला बांधलं.

"अहो, हे काय?" बाई गाडीतून खाली उतरल्या. "म्हैस पुण्याला कशी न्यायची?"

"चालत," तो म्हणाला. "म्हैस चालतीय की."

"दादा, पुणं फार लांब आहे."

"पोरी गेल्याच की न्हाई तितक्या लांब?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी गाडीवानाकडे, गाडीवानानं बैलांकडे. कुणालाच नाही म्हणता आलं नाही. त्या माणसाची बायको आतून आली, म्हशीच्या कपाळावर कुंकू लावलं आणि तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "नीट राहा गं तिथं." मग आम्ही निघालो. म्हैस वाटभर मागं वळून रेकत होती आणि बाई छत्री मिटून तिच्याकडे बघत होत्या.

घरी पोचलो तर ठाण्याचा शिपाई ओसरीवर बसलेला. अमीनसाहेबांनी बोलावलं होतं. अमीन म्हणजे आमच्याकडचा फौजदार. त्या दिवसांत बाहेरच्या मुलखातून कुणी येऊन सभा घेतली की सरकारला संशय यायचा. सासऱ्यांचा चेहरा उतरला. "मी आडत्याला न्हाईच म्हनायला पायजे होतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाईमाणसानं ठाण्यात एकटं जाऊ नये म्हणून सासूबाईंनी मला बरोबर धाडलं.

अमीनसाहेब हैदराबादकडचे, उंच, हलक्या आवाजात बोलणारे. बाईंना त्यांनी खुर्ची दिली. मी भिंतीशी उभी. सासरे दाराबाहेर.

"आप इधर काय कू आए?" त्यांनी विचारलं.

बाईंना हिंदी येत होतं, पण त्या पुस्तकातल्यासारखं बोलायच्या. त्यांनी विद्यापीठाबद्दल सांगितलं.

"युनिवर्सिटी तो अपनी है ना, हैदराबाद में. उसको छोडके दुसरी काय कू होना?"

"ती मुलांची," बाई मराठीतच बोलून गेल्या. मग हिंदीत, "हमारी केवल लडकियों के लिए है."

अमीनसाहेबांनी मान वर केली. कागद बाजूला सरकवला. "सिर्फ लडकियाँ? मास्तर भी औरताँ?"

"अधिकतर."

"परदे का इंतजाम?"

बाईंनी सांगितलं की सक्ती नाही आणि मनाईही नाही. अमीनसाहेबांनी आणखी पुष्कळ विचारलं. जेवण काय, आजारी पडलं तर कोण बघतं, सुटीत घरी कोण पोचवतं. मला सारखं वाटत होतं की ही चौकशी कुठल्यातरी वेगळ्याच कामाची आहे. शेवटी ते उठले आणि एकदम सरकारी आवाजात म्हणाले की बिनापरवाना सभा घेतल्याबद्दल बाईंनी उद्या दुपारच्या आत हे गाव आणि दोन दिवसांत ही रियासत सोडावी. नाही सोडली तर अटक करावी लागेल.

बाई नमस्कार करून बाहेर पडल्या. सासऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आम्ही बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत आलो, तेवढ्यात मागून हाका आल्या. अमीनसाहेब स्वतः, टोपी न घालता, झपझप चालत येत होते. त्यांच्या हातात गाठ मारलेला रुमाल होता. तो त्यांनी बाईंसमोर धरला.

बाई मागे सरल्या. "यह क्या है? आपने तो मुझे निकाला है."

"वो हुकम सरकार का था," ते म्हणाले. "ये घर का है."

आणि वळून तसेच गेले. बाजारात सगळे पाहत होते. रुमाल जड होता. बाई तो हातात धरून रस्त्यात उभ्या राहिल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदा गोंधळलेलं पाहिलं. "याचा अर्थ काय घ्यायचा गं?" त्यांनी मला विचारलं. त्या मला विचारत होत्या! मला काय ठाऊक? सासरे म्हणाले, "चला, चला घरी," आणि आम्ही चाललो. अमीनसाहेबांना मुलगी होती का, कुठं होती, हे आम्हाला कधी कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली.

दुसऱ्या दिवशी बाई टांग्यानं गेल्या. ट्रंक, वळकटी, छत्री आणि तो रुमाल एवढंच घेऊन. लोकांनी रोख जे दिलं होतं तेही त्यांच्याजवळ होतं, पण ते थोडंच. बाकी सगळं आमच्या मागच्या खोलीत राहिलं. जाताना त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी त्यांना मध्येच धरलं आणि त्यांची ओटी भरावी की नाही या पेचात क्षणभर थांबल्या. मग त्यांनी ओटीतलं कुंकू तेवढं वगळलं आणि नारळ, तांदूळ, खण त्यांच्या पदरात घातला. बाई रडल्या. त्या का रडल्या हे मात्र मला कळलं.

मग घरात प्रश्न उभा राहिला. वाकळी, तूप, चटण्या, मडकी यांचं करायचं काय? सासरे म्हणाले, पुढच्या खेपेला सोलापूरला नेतो, आडत्या पुढं पाठवील. मडक्यांचं काय ते त्यांनी सांगितलं नाही. आणि म्हैस?

म्हैस आमच्या गोठ्यात बांधली होती आणि दोन्ही वेळा चांगलं दूध देत होती. पहिल्या दिवशी मी ते तापवायला ठेवलं तर सासूबाईंनी पातेलं उतरवलं. "आपलं न्हाई ते."

"मग काय करू?"

"पोरींचं हाय."

"पोरी तर पुन्याला हैत, आत्याबाई."

त्यांनी विचार केला. विरजण लावून तूप करावं आणि तूप पाठवावं, असं ठरलं. तूप झालं. पण ताक उरलं. ताक कुणाचं? तेही पोरींचंच. ताक काही सोलापूरला जात नाही. सासूबाई ते गल्लीत वाटू लागल्या आणि मग त्यांच्या मनात आलं की दान दुसऱ्याच्या नावाचं, आणि वाटून पुण्य आपण घ्यायलोय. मग सासूबाई मठात जाऊन स्वामींना विचारून आल्या. स्वामी म्हणाले, ज्याच्यासाठी दिलंय त्याच्या मुखी जावं. यानं आमचा घोळ आणखी वाढला. घरातल्या कुणालाही म्हशीच्या दुधाचा चहासुद्धा करायची परवानगी नव्हती, आणि तिला पेंड मात्र आमच्या खर्चानं.

सासरे वाकळी आणि तूप घेऊन सोलापूरला गेले. करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, शिपायानं विचारलं, एवढ्या जुन्या वाकळी कशाला? सासऱ्यांनी सांगितलं, युनिवर्सिटीसाठी. शिपायाला ते वेड लागल्याचं लक्षण वाटलं असावं, त्यानं जाऊ दिलं. आडत्यानं सगळं पुण्याला पोचवलं आणि सासऱ्यांच्या पुढच्या फेरीत निरोप दिला. म्हशीचं काय करायचं, हे आम्ही विचारलं होतं. आडत्याच्या माणसानं बाईंना विचारलं, बाईंनी काही सांगितलं, त्यानं आडत्याला सांगितलं, आडत्यानं सासऱ्यांना. सासरे घरी येऊन म्हणाले, "बाई म्हनल्या, म्हैस विद्यापीठाचीच हाय."

"म्हंजे?" सासूबाई म्हणाल्या. "पाठवायची का ठेवायची?"

"ते काय बोलल्या न्हाईत."

"तुम्ही इचारलं न्हाई?"

"मी इचारलं. आडत्या म्हनला, एवढंच सांगितलंय."

ते वाक्य आम्ही उलटंसुलटं करून पाहिलं. हे म्हणाले, विका आणि पैसे धाडा असा अर्थ. सासरे म्हणाले, तुम्हाला ठीक वाटेल ते करा असा अर्थ. सासूबाईंना दोन्ही पटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी धार काढून आल्या आणि मला म्हणाल्या, "शिकनाऱ्या पोरींचं दूध हाय नव्हं? मग शिकनाऱ्या पोरी आन."

"कुठून आनू?"

"गल्लीतल्या. तू शिकीव."

"मी? मला काय येतंय?"

"चार बुकं आली की. त्या बाईसंगं गावभर बोलत हिंडलीस. बस उद्यापासून."

मी सांगून पाहिलं की चौथी म्हणजे काही नाही, माझं अक्षर चांगलं नाही, जोडाक्षरं माझीच चुकतात. त्या ऐकत होत्या असं वाटलं, पण त्यांनी तोवर मागची खोली झाडायला घेतली होती.

पोरी दुधासाठी आल्या. हे खरं ते सांगितलं पाहिजे. पहिल्या दिवशी कुंभाराची आणि हातमागवाल्याची. मग तेल्याच्या दोघी, मग मुलाण्याची एक. सासूबाईंचा नियम कडक होता. आधी धडा, मग पेला. ज्या दिवशी अक्षर काढलं नाही त्या दिवशी दूध नाही. एका पोरीला अ काही केल्या जमत नव्हता. ती रडायला लागली की सासूबाईच दाराआडून मला खुणवायच्या, दे, दे तिला.

मी शिकवत होते ते बरोबर की चूक, मला ठरवता यायचं नाही. पोरी कानडीत विचारायच्या, मी मराठीत सांगायची, मुलाण्याची पोर दखनीत पाठ करायची. पाटीवर मराठी अक्षर आणि तोंडात तीन भाषा. विद्यापीठात असंच असतं का, असं मला वाटायचं, आणि मग माझंच मला हसू यायचं. आणि अधूनमधून भीतीही वाटायची की आम्ही पुण्याच्या पोरींचं दूध चोरतोय.

तोवर नवे अमीन आले होते. त्यांच्या कानावर गेलं असणार. खासगी शाळा काढायला सरकारची परवानगी लागायची. ते एका सकाळी शिपायासकट आले आणि थेट मागच्या दारात उभे राहिले. आत पोरी पाट्या घेऊन बसलेल्या.

"ये मदरसा किसकी इजाजत से चल रहा?"

सासूबाई हातात चरवी घेऊन पुढे आल्या. "मदरसा कुठला साहेब? दूध वाटायलाव."

"और ये पाट्याँ?"

"पोरी नुसत्या बसल्या की भांडतेत. हातात काही तरी असावं."

अमीनांनी पोरींकडे पाहिलं. मुलाण्याच्या पोरीनं भीतीनं पाटी ओढणीखाली दडपली. त्यांनी विचारलं, म्हैस कुणाची? सासूबाईंनी सरळ उत्तर दिलं, "पुन्याच्या विद्यापीठाची." अमीनांनी गोठ्याकडे वळून पाहिलं. मग शिपायाला म्हणाले, "लिखो, शिकायत गलत." आणि निघाले. जाताना सासूबाईंनी त्यांना दुधाचा पेला दिला नाही. त्यांचा त्यात हक्क नव्हता.

म्हैस आटली, पुन्हा व्याली, पुन्हा आटली. पोरी बदलत गेल्या, काहींची लग्नं झाली. कुंभाराची मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा तिला बाराखडी येत होती आणि बेरीज येत नव्हती. बाईंचा पुन्हा निरोप आला नाही. आम्हीही पाठवला नाही, काय पाठवावा ते ठरलं नाही म्हणून.

मग गडबडीचं साल आलं. हत्यारं घेतलेल्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. बाजार बसले. आमच्या शेजारच्या गावात घरं जळाली तसं सासऱ्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही रातोरात नाही, भर दुपारी, लग्नाला चाललोय असं दाखवत, गाडीनं इंग्रजी हद्दीकडे निघालो. इंग्रज तोवर गेलेले, पण आमच्या तोंडात तोच शब्द. म्हैस तेल्याच्या घरी ठेवली. सासूबाईंनी तेलिणीला पुन्हा पुन्हा सांगितलं, दूध पोरींनाच. तेलीण म्हणाली, व्हय अक्का.

सोलापूरजवळ एका पडवीत आम्ही कितीतरी महिने काढले. तिथून पुण्याला सरळ रेल्वे होती. हे मला म्हणाले, जाऊन येऊ का, तुझ्या बाईंना भेटून? माझी इच्छा होती. पण निर्वासितांसारखं जाऊन त्यांच्या दारात उभं राहिलं तर त्यांना वाटेल की मदत मागायला आलेत. आणि आम्ही तर देणारे होतो. का कोण जाणे, मला ते जमलं नाही. सासूबाई मात्र जायला तयार होत्या. त्यांना बाईंना विचारायचं होतं, त्या निरोपाचा अर्थ काय. तेवढ्यात सासरे आजारी पडले आणि जाणं राहून गेलं.

फौजा आल्या, राज्य बदललं, आणि आम्ही परत आलो. दुकान फोडलेलं. कापडाचं ठाण नव्हतं, मापाचा लोखंडी गज तेवढा कोपऱ्यात पडलेला. तेलीण भेटायला आली आणि दारातच रडायला लागली. म्हैस टोळीवाल्यांनी नेली होती. सासूबाईंनी तिला पाणी दिलं. मला वाटलं त्या आता म्हणतील की संपलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागची खोली उघडली, फुटकं काय, शाबूत काय ते बघायला. छपराचे दोन पत्रे गेलेले, उन्हाचा चौकोन जमिनीवर. मी केर काढत होते. दारात सावली पडली. मुलाण्याची पोर उभी होती, उंच झालेली, धाकट्या बहिणीचा हात धरून. तिच्या मागं तेल्याची धाकटी, आणि एक मी कधी न पाहिलेली.

"दूध न्हाई गं," मी म्हणाले. "म्हैस गेली."

"ठावं हाय, अक्का," ती म्हणाली आणि आत येऊन तिनं बहिणीला भिंतीशी बसवलं. बाकीच्याही बसल्या. पाट्या दोघींकडेच होत्या.

मी केरसुणी हातात धरून उभी. काय करावं कळेना. सासूबाई दाराआडून बघत होत्या, पण या वेळी त्यांनी काही खूण केली नाही.

"अक्का, कुठवर आलतं?" मुलाण्याच्या पोरीनं विचारलं.

मला काही केल्या आठवेना. मी तिच्याच पाटीजवळ जमिनीवर बसले आणि तिला म्हणाले, "तूच सांग."